दारावरचे तेलाचे भाव

धनत्रयोदशीला सगळं सुरत सोनाराच्या दुकानात उभं असतं. आमचे घरमालक मात्र स्कूटरवर पायांशी शेंगदाणा तेलाचा पंधरा किलोचा डबा ठेवून, दोन्ही पाय फाकवून, भेस्तानच्या गल्लीतून सावकाश घरी यायचे. काकू दारात आरती घेऊन उभ्या. डब्याला कुंकू लागायचं, वर फूल. मग काका स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला त्या सालापुढे जाड पेनाने भाव लिहायचे, दोन पावलं मागे सरायचे आणि म्हणायचे, "झालं. आता कळलं रुपयाचं काय झालंय ते."

"लोकांच्या बायकांच्या गळ्यात आजच्या दिवशी काहीतरी पडतं," काकू म्हणायच्या. "माझ्या ओट्याखाली डबा पडतो."

"सोनं खाता येत नाही," काका म्हणायचे.

हा संवाद मी सात धनत्रयोदशींना ऐकला. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

काका मूळचे साताऱ्याकडचे. उधन्याच्या एका मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल आणि तोंडात एकच प्रश्न: "कशाच्या मानाने?" भाजीवाली म्हणाली, "काका, भेंडी सस्ती छे," की हे विचारणार, कशाच्या मानाने? ती बिचारी तराजू हातात धरून बघत राहायची. शेजारच्या बाईंनी मुलाला ब्याण्णव टक्के पडले म्हणून पेढा आणला, तर यांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "पहिलीपासूनचे सांगा." बाई पुन्हा कधी पेढा घेऊन आल्या नाहीत.

आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा पगार किती, माणसं किती, मांसमच्छी खाता का, हे नेहमीचे प्रश्न नाहीत. माझ्या वडिलांना विचारलं, "गेल्या दहा वर्षांत किती घरं बदललीत?" आप्पा म्हणाले, एकही नाही, उधन्याच्या एकाच खोलीत तेवीस वर्षं काढली, आता ती चाळ पाडताहेत म्हणून निघालो. काकांनी तिथल्या तिथे किल्ली काढून दिली. अनामतसुद्धा मागितली नाही. काकू आतून म्हणाल्या, "अहो!" तर म्हणाले, "तेवीस वर्षं म्हणजे कमी पुरावा आहे का?"

आम्ही खान्देशातले. आप्पा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, तीस वर्षं उभे राहिले, कान निम्मे तिथेच ठेवून आले. आई मी कॉलेजात असतानाच गेली. मी सुरतेजवळच्या सचिन गावात कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात हिशेब बघते. तेव्हा नवीनच लागले होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की खात्री होती. राग तर नाकावरच. तो अजूनही तिथेच आहे, पण आता जरा विचारून बाहेर येतो.

आम्ही राहायला आल्याच्या दुसऱ्या वर्षी आप्पांची मिल बंद पडली. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून जी रक्कम हातात आली तिच्याकडे आप्पा दोन दिवस नुसते बघत बसले. पासबुक उघडायचं, मिटायचं. त्यांना एकच गोष्ट हवी होती. स्वतःचं घर. एक खोली असली तरी चालेल, पण तिच्यातून ऊठ म्हणणारं कोणी नको. तेवढ्या पैशात सुरतेत घर होत नव्हतं. मला कर्ज मिळालं असतं, पण पगार पाहता फार नाही. मधे मोठं भगदाड होतं आणि ते मी बुजवणार होते.

कसं? तर आमच्या ऑफिसात एक जण होता. मी त्याचं नाव टिपभाई ठेवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत डब्यातलं थेपलं एका हातात आणि दुसऱ्या हातात मोबाइल, शेअरचे भाव सरकताहेत. त्याने मला धाग्याच्या एका कंपनीचा शेअर दाखवला. भाव शंभर रुपये. त्या वर्षी कंपनीने शेअरमागे वीस रुपये कमावलेले. म्हणजे भाव कमाईच्या फक्त पाचपट. "बेन, लई लो. आवो चान्स फरी नहि मळे," तो म्हणाला, म्हणजे घेऊन टाका, पुन्हा मिळणार नाही. बाजारात बाकी सगळं वीसपट, तीसपटीने चाललेलं. मी हिशेबातली बाई, मला पाच आणि वीसमधला फरक कळत नव्हता का? मी ठरवून टाकलं. आप्पांचे सगळेच्या सगळे पैसे घालायचे. शेअर दुप्पट झाला की घर.

आप्पा म्हणाले, "माले काय समजस त्यामा? तू सांगशी ते." तेव्हा मला ते वाक्य म्हणजे सहीच वाटली.

त्यातही माझी हाव बघा. मला वाटलं तीन महिन्यांचं भाडं थकवलं तर तेवढे आणखी शेअर येतील. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! रविवारी सकाळी खाली गेले. काका ओट्यावरच्या झोपाळ्यावर पेपर वाचत होते. सगळं सांगितलं. पाचपट म्हणताना माझा आवाज जरा चढलाच असेल.

"स्वस्त आहे म्हणतेस?"

"हो."

"कशाच्या मानाने?"

"यंदाच्या कमाईच्या मानाने. सांगितलं ना, पाचपट."

त्यांनी पेपर घडी करून मांडीखाली ठेवला. "तीन महिने भाडं देऊ नकोस," ते म्हणाले. मी इतक्या लवकर हो ऐकायला तयारच नव्हते. "पण एक अट आहे. त्या कंपनीची दहा वर्षांची कमाई काढून आण. दर वर्षी शेअरमागे किती. पुढच्या रविवारी ये. आप्पांनाही आण."

आकडे मिळायला काय, कंपनीच्या वार्षिक अहवालांत सगळं असतं. आठवडाभर ऑफिसात बसून मी ते काढले. मधे दोन वर्षं तोट्याची निघाली. एक वर्ष सपाट शून्य. मला वाटलं, ती तीन वर्षं काही खरी नव्हेत, अपवादाची आहेत, म्हणून मी सातच वर्षं स्वच्छ अक्षरात लिहून नेली.

"तीन कुठे गेली?"

"ती वाईट वर्षं होती काका. ती धरली तर सरासरी बिघडते."

काकांनी आप्पांकडे पाहिलं. "तुमची लेक म्हणतेय, वाईट वर्षं धरायची नाहीत. तुम्हाला ज्या दिवाळीला बोनस मिळाला नाही, त्या वर्षी जेवलाच नव्हतात का हो?"

आप्पा हसले. मी नाही हसले. चरफडत ती तीन वर्षं खाली लिहिली.

मग आम्ही तिघं स्वयंपाकघरात त्या दारासमोर बसलो. काकू भाजी निवडत होत्या, त्यांना या बैठकीची सवय असावी. काकांनी समजावलं ते असं. दहा वर्षांपूर्वीचा रुपया आणि आजचा रुपया एकाच टोपलीत घालता येत नाही, कारण तेव्हा त्या रुपयात जास्त तेल यायचं. म्हणून दर वर्षीची कमाई त्या वर्षीच्या डब्याच्या भावाने भागायची. कंपनीने रुपये किती कमावले ते सोड, डबे किती कमावले ते सांग.

मी म्हटलं, "काका, महागाईचा सरकारी निर्देशांक असतो. तेल तर एका वर्षी पीक बुडालं तरी चढतं."

"सरकारी आकडा चांगला आहे. माझ्या वहीत त्याच्यानेही केलंय, घरी जाऊन तूही कर. उत्तर फार हलणार नाही," ते म्हणाले. "पण तो आकडा आप्पांनी कधी खाल्लेला नाही. पैसे कोणाचे आहेत?"

मी कागद पुढे ओढला. हजार शेअर धरले. यंदाचा डबा अडीच हजारांचा. हजार शेअरमागे यंदाची कमाई वीस हजार, म्हणजे आठ डबे. छान. मागच्या वर्षी तीन डबे. त्याच्या आधी एक. काका दारावर बोट ठेवून भाव सांगायचे, मी भागायची आणि मोठ्याने बोलायची. तोट्याच्या पहिल्या सालाचं नाव घेतलं, उणे दोन डबे म्हटलं, आणि आप्पा चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "त्या साले आमनी रातपाळी बंद व्हयनी."

काकांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

पुढचं साल. उणे एक. आप्पांनी सांगितलं, चार महिने आठवड्यातून तीनच दिवस काम. शून्याच्या सालाला म्हणाले, "तुनी आई आजारी पडनी ते साल," आणि त्या वर्षी उचल मागितली तर शेठ म्हणाले होते, मालच उठत नाही, कुठून देऊ. मग दोन डब्यांच्या सालाला त्यांचा चेहरा उजळला. त्या दिवाळीला बोनस होता, मला सायकल घेतली होती. ही कंपनी आप्पांची नव्हती, त्यांनी तिचं नावही ऐकलं नव्हतं. पण धंदा तोच, धाग्याचा. तेजी आली की सगळ्यांना, मंदी आली की सगळ्यांना. जो अहवाल काढायला मला आठवडा लागला, तो या माणसाच्या अंगात मुरलेला होता. लाज वाटली मला. मी तर सायकलचं साल तेवढं ठेवून ही वाईट सालंच पुसून आणली होती.

दहा वर्षांची बेरीज झाली सोळा डबे. म्हणजे वर्षाला सरासरी एक पूर्णांक सहा. आणि हजार शेअरची किंमत एक लाख, म्हणजे चाळीस डबे.

"चाळीस भागिले एक पूर्णांक सहा," काका म्हणाले. शाळेत म्हणत असतील तसंच.

"पंचवीस," मी म्हटलं.

पाचपट नव्हे. पंचवीसपट. कागद तोच, कंपनी तीच, मीही तीच.

माझं डोकं फिरलं. "मग सांगा ना स्पष्ट, घेऊ की नको?"

"ते मी सांगत नाही. यंदाच्यासारखी दहा वर्षं आली तर स्वस्त आहे. गेली तशी दहा आली तर महाग आहे. कुठली येतील ते तू ठरव. भाडं तीन महिने नको, कबूल केलंय."

मी आप्पांकडे पाहिलं. एरवी तू सांगशी ते म्हणणारा माणूस उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "एक सालनी तेजीवर कोनी पोर देस का?"

झालं! विषय संपला. पैसे बँकेत मुदत ठेवीत गेले.

आणि मग तो शेअर वाढला.

शंभराचा एकशेवीस, एकशेचाळीस, वर्ष संपायच्या आत एकशेसत्तर. टिपभाईने नवी मोटारसायकल घेतली आणि ऑफिसात पेढे वाटले. मी पेढा घेतला, खाल्ला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवला, त्याला मुंग्या लागल्या. दररोज मी मनात गुणाकार करायची: आप्पांचं घर इतकं जवळ आलं असतं, आज आणखी इतकं. काकांशी बोलणं बंद केलं. भाडं पाकिटात घालून त्यांच्या दाराच्या जाळीत खोचून यायची. जिन्यात भेटले तर मान खाली. हो, अशी होते मी! त्या माणसाने कधी विचारलंही नाही, का गं बोलत नाहीस. झोपाळ्यावर बसून नुसतं "आलीस?" म्हणायचे.

एकदा काकूंनीच मला धरलं. कोथिंबीर द्यायच्या निमित्ताने आत बोलावलं आणि दारासमोर उभं केलं. "यात एक साल रिकामं आहे, बघितलंस कधी?"

बघितलं होतं. वरून सातवी ओळ. साल लिहिलेलं, पुढे भाव नाही. मी एकदा काकांना विचारलंही होतं. "त्या वर्षी डबा आणला नाही," एवढंच म्हणाले होते.

"तेव्हा आम्हीही उधन्याला भाड्याने होतो," काकू म्हणाल्या. "मामंजी रिटायर होऊन आमच्याकडे आले. फंडाचे पैसे यांच्या हातात दिले, म्हणाले गावाकडे दोन खोल्या बांधू. यांना कोणीतरी एक शेअर सांगितला. एका वर्षाची कमाई बघितली आणि सगळे घातले. गणिताचे मास्तर! वर्षाच्या आत कंपनीला टाळं. त्या दिवाळीला आम्ही सरकीचं तेल खाल्लं, तेही सुटं. मामंजी त्या भाड्याच्या खोलीतच गेले गं. यांना एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. हे घर बांधलं तेव्हा जुन्या वहीतून सगळे भाव दारावर उतरवले. तेवढी एक ओळ सोडली."

दुधाने तोंड पोळलेला माणूस स्वतः ताक फुंकून पितो, हे ठीकच. पण हा दुसऱ्याच्या बापाचं ताक फुंकत बसला होता, आणि मी त्याच्याशी अबोला धरला होता. तरी मी लगेच काकांपाशी जाऊन बोलले असं समजू नका. इतकी चांगली मी नाही. अजून दोन महिने पाकीट जाळीतच खोचलं.

मग धाग्याचे भाव बसले. कंपनी पुन्हा तोट्यात. एकशेसत्तरचा शेअर चाळीसवर आला. टिपभाई जेवायला एकटा बसायला लागला. मोटारसायकल दिसेनाशी झाली, आणि त्याचा मला अजिबात आनंद झाला नाही. कारण त्याच्या जागी आप्पा दिसत होते, पासबुक उघडून मिटताना.

एका संध्याकाळी वर घरी न जाता थेट काकांपुढे उभी राहिले. म्हटलं, "काका, माझं चुकलं. तुम्ही आम्हाला वाचवलंत."

"मी कुठे? पडेल असं मी म्हणालो होतो का?" ते म्हणाले. "मला ते माहीत नव्हतं. कोणालाच नसतं. अजून तीन वर्षं चढलाही असता. मग तू मला शिव्याच दिल्या असत्यास, आणि गणित तरीही बरोबरच असतं." मग टॉवेलने तोंड पुसत म्हणाले, "आता भाव चाळीस ना? कागद आण. पुन्हा मोज."

अरे देवा! माणूस रडवेला होऊन आभार मानायला आलाय, आणि याला भागाकार हवा! पण मोजलं. जुनं एक साल गळलं, नवं तोट्याचं आलं, उत्तर आलं साधारण तेरापट. "बघ," काका म्हणाले, "पडला म्हणजे फुकट झाला असंही नाही."

पुढची चार वर्षं दर रविवारी मी त्या दारासमोर बसले. शाळेत गणित आवडलं नाही ते इथे आवडलं. पंप बनवणारी एक साधी कंपनी आम्हाला सापडली. एका वर्षी कारखान्यात आग लागून तिचा नफा गेला आणि लोक शेअर विकून पळाले. दहा वर्षांचे डबे मात्र ओळीने उभे होते. आप्पांच्या पैशातला एक हिस्सा तिच्यात, थोडा थोडा करून घातला. बाकीचे बँकेतच. दुसरी एक घेतली ती डब्यांनी स्वस्त होती आणि स्वस्तच राहिली, तिच्यात खोट खाल्ली. मी तणतणले तर काका म्हणाले, "दार मागचं सांगतं. पुढचं सांगायला लागलं तर मी त्याची पूजा करीन." कोट्यधीश वगैरे काही झालो नाही. भगदाड बुजलं, एवढंच. पंपवाल्यांचे शेअर विकले, ठेव मोडली, बाकीचं कर्ज काढलं, आणि भेस्तानमध्येच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आप्पांच्या नावावर एक खोली-स्वयंपाकघर झालं.

वास्तुशांतीला काका रिक्षाने आले. गुडघे गेले होते, तरी तेलाचा डबा स्वतःच्या हाताने तिसऱ्या मजल्यापर्यंत आणला, मधे दोनदा टेकत. मी धावले तर हात लावू देईनात. वर आले, धापा टाकत खुर्चीत बसले, आणि मला माहीत होतं काय विचारणार ते.

"कितीला पडलं?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "सहाशे डबा, साहेब."

काका असे हसले की काकूंनी आतून डोकावून पाहिलं. मग त्यांचं हसू उतरलं. ते उठले, एकेका भिंतीला हात लावत सगळं घर फिरले, दोन मिनिटांचंच काम. दाराशी आले आणि आप्पांना म्हणाले, "मी बाहेर जातो. तुम्ही आतून कडी लावा."

आप्पांना वाटलं काकांना कडी तपासायची आहे. त्यांनी लावली. मी काकांबरोबर बाहेर जिन्यात होते. आत कडी पडल्याचा आवाज आला. काका दाराला कान देऊन उभे राहिले, बराच वेळ. डोळे मिटलेले. मग त्यांनी हळूच टकटक केलं. आप्पांनी दार उघडलं आणि म्हणाले, "या ना साहेब. घर आपलंच शे."

काकांनी टॉवेल तोंडावर धरला, आणि मला म्हणाले, "घाम फार आलाय."

त्या वर्षी धनत्रयोदशीला मी मिठाई घेऊन त्यांच्याकडे गेले. काका झोपाळ्यावर होते, "आलीस?" म्हणाले. मी आत स्वयंपाकघरात गेले तर काकू दाराकडे बघत उभ्या होत्या. यंदाचा भाव खाली लिहिलेला होता. आणि वरून सातव्या ओळीतही, ताज्या शाईत, भाव लिहिलेला होता.

"काका दुकानदाराला विचारून आले का?" मी म्हटलं.

"कोणाला विचारणार, इतकी वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "त्यांना पाठच होता तो."